आखाजीचा फोन

सावद्याहून निघालेली जळगाव एसटी फैजपूरला थांबली. तिथे एक तरुण चढला आणि जागा बघून ज्योत्स्नाच्या शेजारी बसला. गाडी यावलच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याच्या इस्त्रीच्या पॅन्टवर, बरोबर गुडघ्याशी, एक ओला डाग पडला होता. तिच्या मांडीवर केळीच्या पानात बांधलेलं पुडकं होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. तिने ते घाईने दुसरीकडे सरकवलं. पुढच्याच खड्ड्यात एसटीने उडी घेतली, आणि पाणी पुन्हा तिथेच.

"मासे आहेत का?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"आमच्या घरात मासे शिजत नाहीत."

"मग बर्फ?"

ज्योत्स्नाने खिडकीबाहेर पाहिलं. एखादं खोटं सांगून मोकळं व्हावं असं वाटलं, पण ऐन वेळी सुचेना. "मोबाईल आहे," ती हळूच म्हणाली.

तो हसला नाही. तिच्या लक्षात राहिलं ते हेच. सकाळपासून गल्लीत जो ऐकेल तो हसला होता. याने फक्त एवढंच विचारलं, की आतली बॅटरी काढून ठेवली आहे का. बॅटरी काढता येते हेच तिला ठाऊक नव्हतं. त्याने हात पुढे केला. ओळख ना पाळख, तरी तिने पुडकं त्याच्या हातात दिलं. का दिलं, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. त्याने पानाची दोरी सोडली ती लहान मुलाच्या कुंचीची गाठ सोडावी तशी, सावकाश, न ओढता. पानाच्या आत ओलं गोणपाट होतं, त्याच्या आत मलमलचं फडकं आणि त्याच्याही आत काळा, बोजड, नवाकोरा मोबाईल. काचेच्या आतून वाफ धरलेली.

"इतकं पाणी कशाला?"

मग तिने सांगितलं. पुढच्या बाकावरची बाई मान वळवून ऐकत होती, तरीही सांगितलं.

तिची आई सुनंदाबाई हिवाळ्यात केळीच्या बागेत पाटाच्या कडेवर घसरली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण बाई खाट सोडेना. भिंतीला धरून रोज उभं राहा, असं डॉक्टर सांगून दमले. खरं दुखणं निराळंच होतं. थोरली मुलगी लता मस्कतला दिलेली. तीन वर्षं ती आखाजीला माहेरी आली नव्हती. यंदा येणार होती, तिकीट काढलं होतं. मग दिवस राहिले आणि तिकडच्या डॉक्टरांनी विमानाला नको म्हटलं. हे कळलं त्या दिवसापासून सुनंदाबाईंनी बोलणं जवळजवळ सोडलं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. ज्या घरची लेक येत नाही त्या घरचा झोका रिकामा हलताना आईला बघवत नाही. गल्लीत फोन होता तो टोकाला, झुलालभाऊंच्या दुकानात. आईला तिथवर नेणं शक्य नव्हतं. म्हणून लताने मोबाईल पाठवला, रजेवर येणाऱ्या यावलच्या हिलालभाऊंच्या हाती. आखाजीला संध्याकाळी मी फोन करीन, आईला खाटेवर पडल्या पडल्या बोलता येईल, असा निरोप होता.

हिलालभाऊंनी फोन दिला आणि जाता जाता बजावलं, की आपल्याकडचं ऊन वाईट, याला गरमी लागू देऊ नका. ज्योत्स्नाच्या वडिलांनी, जीवरामनानांनी, ते मनावर घेतलं. उभा जन्म त्यांनी केळीचे कोंब उन्हापासून जपले होते. कोवळी वस्तू जपायची त्यांची रीत एकच— ओलं गोणपाट, वर केळीचं पान, आणि माठाशेजारची जागा. तीन दिवस नाना सकाळ-संध्याकाळ त्या मोबाईलवर पाणी शिंपडत होते.

एवढं सांगून झाल्यावर ज्योत्स्ना थांबली. आता हसेल, असं तिला वाटलं.

"नानांनी जीव लावून जपलाय," तो म्हणाला. "नुसतं निष्काळजीपणाने भिजलं असतं तर मी म्हटलं असतं टाकून द्या."

"आणि आता?"

"आता प्रयत्न करू. मी तेच काम करतो."

त्याचं नाव अभिमन. मूळचा धुळ्याकडचा, जळगावात रतिलालशेठच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टीव्ही, टेप आणि हल्ली आलेच तर मोबाईल दुरुस्त करायचा. फैजपूरला कुणाचा तरी अँटेना नीट करून परत निघाला होता. ज्योत्स्नाच्या हातात गल्लीतल्या कुणीतरी दिलेला पत्ता होता. तो त्याच दुकानाचा निघाला. तिने चिठ्ठी दाखवली तेव्हा अभिमनने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. "म्हणजे हे पाणी योग्य ठिकाणीच पडत होतं," तो म्हणाला. ती पहिल्यांदा हसली... आणि लगेच खिडकीकडे वळली.

*

दुकानात वीज नव्हती. अभिमनने दारातल्या उजेडात मोबाईल उघडला, आतलं पाणी टिपलं, आणि वर पाहिलं. याला दिव्याची ऊब द्यावी लागते, ती आज मिळणार नाही. पण वर गच्ची आहे आणि एप्रिलमधलं जळगावचं ऊन आहे. गल्ल्यावरचे रतिलालशेठ म्हणाले, की सावद्याच्या लोकांनी गारव्याने बिघडवलं ते धुळ्याचा माणूस उन्हाने बरं करतो, म्हणजे डॉक्टर बरोबर भेटला. त्यांचं बोलणं ज्योत्स्नाला उगीचच लागलं आणि उगीचच गोड वाटलं.

गच्चीवर खाटा मांडून अभिमनची आई ताईबाई बिबडे वाळत घालत होती. दुकानावरच्याच दोन खोल्यांत मायलेक राहायचे. ज्वारीचे हे पांढरे, पातळ पापड जुन्या लुगड्यावर ओळीने पसरलेले. अभिमनने त्यांच्यात एक जागा मोकळी केली, मोबाईलचे सुटे भाग फडक्यावर मांडले आणि वरून मलमल घातली.

"लोके आते फोन बी वाळत घालतस का रे भो?" ताईबाईंनी विचारलं.

"घालतस ना माय. ह्या सावदाथून उनात."

ताईबाईंनी ज्योत्स्नाला आपादमस्तक पाहिलं, सावलीत पाट दिला, ताक दिलं आणि हातात काठी दिली. "कावळासवर ध्यान ठेव बेटा. नहीतं बठ्ठा बिबडा लई जातीन."

ज्योत्स्ना कावळे हाकत बसली. आईच्या खाटेपासून ती इतकी लांब कित्येक महिन्यांत बसली नव्हती. ताईबाई बिबडे उलटत मुलाचं सगळं सांगत होत्या. लहानपणी रेडिओ उघडून आतली माणसं शोधायचा, आणि लग्नाचं काढलं की स्क्रू शोधत बसतो. अभिमन मधूनमधून वर यायचा. एकदा पाणी प्यायला, एकदा मोबाईल बघायला, एकदा फडकं सारखं करायला. चौथ्यांदा आला तेव्हा त्याच्याजवळ कारणच नव्हतं.

"झालं का?" तिने विचारलं.

"अजून ओल आहे."

"तुम्ही बघितलंच नाही अजून."

त्याने मग मान वळवून मोबाईलकडे पाहिलं. "आहे ओल," तो म्हणाला. तिने मान खाली घालून काठीने गच्चीवर रेघ ओढली... ओठ दाबून धरले तरी हसू काही थांबेना.

ऊन कललं तेव्हा त्याने भाग जोडले, रतिलालशेठकडून घेतलेलं नवं कार्ड आत सरकवलं आणि एक बटण दाबून धरलं. काही झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं. ज्योत्स्नाने काठी घट्ट धरली होती. मग पडद्यावर हिरवट उजेड फुटला, हळूहळू, पहाटेसारखा. ताईबाईंनी हात जोडले. आभार हा शब्द शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हणायचा असतो, गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला तो कसा म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली वळवली आणि मोबाईल शर्टाच्या बाहीने पुसत राहिला, पुसायचं काही उरलं नव्हतं तरी.

निघताना तिने बूथवरून लताला नवा नंबर कळवला. एसटीत बसल्यावर मागे वळून पाहिलं. तो स्टँडवर उभा होता, हातात काही काम नसल्यासारखा.

*

सावद्याला पोचल्यावर मोबाईल पुन्हा मुका झाला. उजेड होता, पण आवाज नव्हता. पडद्यावर रेंजची एकही काडी नाही. आखाजी तोंडावर आलेली. नानांनी पुन्हा गोणपाटाकडे पाहिलं, तेव्हा ज्योत्स्नाने मोबाईल स्वतःच्या उशाशी घेतला. सुनंदाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "राहू दे व. माह्या नशिबातच नाही तो आवाज."

ज्योत्स्नाने झुलालभाऊंच्या दुकानातून जळगावला फोन लावला. नेमकं काय होतंय ते अभिमनने विचारून घेतलं. मग म्हणाला, की फोन बरा आहे, रेंज शोधावी लागेल. फैजपूरच्या अंगाला नवा टॉवर उभा राहिलाय, थोडी लहर तिकडून येत असेल. आखाजीला दुकान बंद असतं, मी येतो.

"आखाजीला तुम्ही धुळ्याला जात असाल."

"आई जाईल."

"आणि तुम्ही?"

"मी नंतर कधीतरी जाईन. धुळं कुठे जातंय..."

आखाजीच्या दुपारी तो जुन्या स्कूटरवरून आला, धुळीने माखलेला. गल्लीत लिंबाला झोके लागले होते, माहेरवाशिणी गात होत्या. अभिमन मोबाईल पुढे धरून घरभर फिरला. ओसरी, माजघर, गोठा, विहिरीचा काठ. पोरीबाळी मागे, नाना त्यांच्या मागे. कुणीतरी म्हणालं, हा पाणाड्या आहे का? आईच्या खाटेपाशी तो सर्वांत जास्त वेळ थांबला. मोबाईल उंच धरला, खाली धरला. काडी आली नाही. सुनंदाबाईंनी त्याला विचारलं, "तुह्यं गाव कोणतं बाबा? आज सणाचं आईले सोडून आला का?" आणि उत्तर ऐकायच्या आत त्यांचे डोळे भरले.

अभिमन जिन्याने धाब्यावर गेला. थोड्या वेळाने वरून हाक आली. मातीच्या त्या सपाट छपराच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, कठड्याला लागून, एक काडी येत होती. दोन पावलं इकडे सरकलं की जायची. तो कोपरा सोडून संपूर्ण घरात कुठेच नाही.

ज्योत्स्ना त्या कोपऱ्यात उभी राहिली आणि तिला रडू आलं. आवाज धाब्यावर, आई खाली. जिना एवढा अरुंद, की धडधाकट माणसालाही अंग चोरून चढावं लागे.

नाना वर आले. त्यांनी कोपरा पाहिला, मोबाईल पाहिला, खाली अंगण पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "गरमी लागू देऊ नका म्हने, म्हनून मी भिजवला. आता चूक माही, तं उपाय बी माहाच." आणि त्यांनी केळी भरणाऱ्या मजुरांना बोलावणं धाडलं.

ही माणसं घड कापून बांधापासून ट्रकपर्यंत नेतात आणि सालीवर ओरखडा उठू देत नाहीत. वजनाचं त्यांना काही वाटत नाही. धक्का बसू न देणं हेच त्यांचं कसब. ट्रकमध्ये घडांखाली अंथरतात तसा त्यांनी खाटेवर केळीच्या वाळल्या पानांचा जाड थर अंथरला, त्यावर गोधडी, गोधडीवर सुनंदाबाई. भिंतीला दोन शिड्या लावल्या. चौघे वरून दोर ओढायला, चौघे खालून खाट तोलायला. सुनंदाबाई घाबरल्या, नको म्हणाल्या, देवाचं नाव घेतलं. नाना शिडीवर त्यांच्या बरोबरीने एकेक पायरी चढत होते आणि सांगत होते, की एवढ्या वर्षांत माझ्या बागेतला घड कुणी पाडला नाही. गल्लीतली गाणी थांबली होती. खाट भिंतीच्या कडेशी आली तेव्हा वरच्या बाजूचा एक पाय ज्योत्स्नाने धरला आणि दुसरा अभिमनने. दोघांनी मिळून ती आत घेतली. खाट टेकली. सुनंदाबाईंनी डोळे उघडले आणि कित्येक महिन्यांनी पूर्ण आभाळ पाहिलं.

मग सगळे मोबाईलकडे बघत बसले. ऊन उतरत होतं. फोन वाजला तेव्हा अख्खं धाबं दचकलं. अभिमनने हिरवं बटण दाबून तो सुनंदाबाईंच्या कानाशी धरला.

"लता?" त्या म्हणाल्या. पुढे त्यांना काही बोलताच येईना. पलीकडूनही कुणी बोलत नव्हतं. दोघीही रडत होत्या हे बघणाऱ्यांना उशिरा कळलं. मग सुनंदाबाईंनी नाक पुसलं आणि एकदम खणखणीत आवाजात विचारलं, "जेवली का व? काय खाल्लं? खरं सांग." तिथून पुढे त्यांना कुणी थांबवू शकलं नाही. पोटातलं बाळ, आंबट खायचे डोहाळे, तिथलं पाणी, इथली भाजणी. गल्लीतल्या बायांना हात करून त्यांनी गाणी पुन्हा सुरू करायला लावली, फोन उंच धरून लेकीला ऐकवली. शेवटी म्हणाल्या, "तू आलीस असंच झालं व माय. उद्यापासून मी भिंतीले धरून उभी राहीन. बाळंतपणाले मले चालता यायला पाहिजे का नाही?"

नानांनी तोंड फिरवलं. मजूर एकमेकांकडे बघत गालातल्या गालात हसत होते.

*

बोलणं संपलं. मोबाईल गोधडीवर उशीपाशी ठेवून सुनंदाबाई तशाच झोपी गेल्या, वाऱ्यावर, शांत. अंधार पडायच्या आत उतरवू, तोवर जरा पडू द्या, असं म्हणून नाना मजुरांना पुरणपोळी वाढायला खाली गेले. आईपाशी ज्योत्स्ना राहिली. अभिमनने शिडी बघायची आहे असं म्हटलं आणि शिडीकडे न जाता कठड्याशी उभा राहिला.

"आता फोन चालू झाला," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे माझं काम संपलं."

"हो."

"एकदा तरी नाही म्हणा..."

ती हसली. खाली अंगणात त्याची स्कूटर दिसत होती. तिच्या मागच्या सीटवर नानांनी केळीचा एक थोरला घड बांधून ठेवला होता, दोरीला तीन गाठी मारून.

"ते बघितलंत?" तिने विचारलं.

"बघितलं. इतकं कशाला? मी पोचेपर्यंत लोक मला केळीवाला समजतील."

"आमच्याकडे आभार तोंडाने मानत नाहीत. घड देतात. मग उपकार फिटतो."

"मला हीच धास्ती आहे," तो म्हणाला. "आईंना आवाज ऐकवला, म्हणून तुम्ही माझ्याकडे असं बघता. आणि मी त्याचा भलताच अर्थ लावत बसतो."

ज्योत्स्नाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. झोक्यावरचं गाणं संपून दुसरं सुरू झालं होतं.

"उपकार नानांनी फेडला," ती म्हणाली. "आईच्या आवाजासाठी मी जन्मभर तुमचं नाव घेईन, ते खरं आहे. पण गच्चीवर मी कावळे हाकत होते, तेव्हा तर फोन मेलेलाच होता. तेव्हा मी कशासाठी बघत होते?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती कठड्याकडे बघत होती, पण कान त्याच्याकडेच होते.

"ज्योत्स्ना," तो म्हणाला, अगदी हळू, "मला तुम्ही आवडता. हा फोन चालला तरी, बिघडला तरी. मला पुढच्या आखाजीला इथे यायचंय, आणि हातात पेचकस नकोय."

ती काही बोलणार, तोच उशीपाशी कुणीतरी खाकरलं. आई झोपलेली होती. धाब्यावर तिसरं कुणी नव्हतं.

"ज्योत्स्ने, घाबरू नको व," गोधडीतून बारीक आवाज आला. "मी हाये. लता."

ज्योत्स्नाने झटकन वाकून मोबाईल उचलला. आईने फोन नुसता खाली ठेवला होता. तो बटण दाबून बंद करायचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लता पलीकडून सांगत होती, की तिला आधीच कळलं होतं, पण तिनेही तो ठेवला नाही. गाणी येत होती, झोक्याची दोरी कुरकुरत होती, खाली ताटं वाजत होती, आईचा श्वास कानाशी लागत होता. तीन वर्षांनी घर ऐकू येत होतं. ते कसं बंद करायचं?

"आणि तुमचंही ऐकलं," लता म्हणाली. "पण त्या पाहुण्यांचं शेवटचं बोलणं वाऱ्यात गेलं. नानांशी मलाच बोलावं लागणार दिसतंय, तर मला ते नीट कळायला हवं. त्यांना म्हणावं, परत सांगा."

ज्योत्स्नाचे कान तापले. तिने मोबाईल अभिमनपुढे धरला. त्याने तो घेतला, केसांवरून हात फिरवला, अक्का म्हणून नमस्कार केला, घसा साफ केला आणि ज्योत्स्नाकडे बघत तेच वाक्य पुन्हा म्हणायला लागला. पण आवाज काही केल्या वर चढेना.

खाटेवर सुनंदाबाईंचे डोळे मिटलेलेच होते.

"जोरानं बोल बाबा," त्या म्हणाल्या. "मस्कत लांब हाये."